कोकिळेचा वरचा मजला

न्हाव्याच्या धंद्यात सर्वांत कटकटीचं गिऱ्हाईक म्हणजे लहान मूल. मोठा माणूस खुर्चीत बसला की एकतर पेंगतो, नाहीतर सरकारच्या नावाने बोटं मोडतो. दोन्हींत मान जागेवर राहते. मुलाला मात्र कात्री नेमकी कानाशी आली की मागे काय चाललंय ते बघायचं असतं. म्हणून बरेच न्हावी दारात मूल दिसलं की घड्याळाकडे बघतात आणि 'संध्याकाळी आणा' म्हणतात.

काऊकाकांच्या दुकानात उलटा प्रकार होता. तिथे मुलं केस वाढायच्या आधीच येऊन बसायची. 'अरे, अजून महिनाभर चालतील' असं आईबाप सांगत राहायचे, पण ऐकतंय कोण. कारण काऊकाका केस कापता कापता गोष्ट सांगत, आणि गोष्ट दर वेळी कावळ्याची असे. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर रंगवलेलं होतं. ऊन खाऊन खाऊन ते पुसट झालं, आणि पुन्हा रंगवून घ्यावं असं कुणालाच वाटलं नाही, खुद्द त्यांनाही नाही.

दुकान अरुंद होतं. दोन खुर्च्या, त्यांतली एक वरखाली होत नसल्यामुळे वर्तमानपत्रं ठेवायला. समोर लांबलचक आरसा, मागे गिऱ्हाइकांसाठी बाक. मूल आलं की खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकायची, तिच्यावर मुलाला बसवायचं, गळ्याभोवती कापड गुंडाळायचं आणि कात्री दोनदा हवेत वाजवून म्हणायचं, "तर मग त्या कावळ्याचं काय झालं..."

खरी गंमत पुढेच होती. मुलाची मान खाली हवी असली की गोष्टीतला कावळा विहिरीत डोकावायचा, आणि मूल त्याच्याबरोबर आपोआप खाली बघायचं. डावा कान मोकळा करायचा असला की उजवीकडच्या झाडावर काहीतरी खुट्ट वाजायचं. मानेवर वस्तरा टेकला की कावळा श्वास रोखून फांदीवर बसायचा, कारण खालून मांजर चाललेली असायची. त्यामुळे काऊकाकांच्या प्रत्येक गोष्टीत एक विहीर, उजवीकडे एक झाड आणि एक मांजर ही हजर असायचीच. मोठ्यांना हे कळायचं आणि ते बाकावर बसून गालातल्या गालात हसायचे. गोष्टीची लांबीही केसांवर ठरे. ज्याच्या डोक्यावर रान माजलंय त्याला गोष्ट मोठी मिळे. केस जन्मापासून विरळ असलेल्या एका मुलाने यावरून दुकानात भोकाड पसरलं होतं, की मलाच नेहमी एवढीशी गोष्ट का. त्याची समजूत घालायला काऊकाकांनी त्याच्या मोकळ्या टाळूवर नुसतीच कात्री वाजवत पाव तास घालवला.

जगभरच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी कावळ्यावर डूख धरलेला आहे. कुठे तो चोर, कुठे चहाडखोर, कुठे गोरा व्हायला निघालेला वेडा, कुठे स्तुतीला भुलून तोंडातला घास पाडणारा. काऊकाकांनी या कावळ्याचं वकीलपत्र घेतलं होतं. त्यांच्या गोष्टीत घर वाहून गेलेल्या कावळ्याला चिमणी पहिल्या हाकेला दार उघडायची आणि वर अंग पुसायला टॉवेलही द्यायची. कावळा चमचा चोरायचा, पण तो कुणा आजारी म्हातारीला औषध पाजायला. फारच अंगाशी आलं तर चोरी टकाचोरावर ढकलली जायची. टकाचोर हा पक्षी कावळ्याचा मावसभाऊ, आणि नावातच चोर असल्यामुळे त्याची बाजू घ्यायला कुणी उभं राहत नसे.

हे सगळं सुरू झालं ते काऊकाका ऐन पंचविशीत असताना. दुकान तेव्हा त्यांच्या वडिलांचं होतं. वडील दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलत, त्यांतली दोन 'मान सरळ' अशी असत. एके दिवशी एक पोरगा खुर्चीत बसून असा काही किंचाळायला लागला की समोरचा किराणावाला धावत आला. त्याच वेळी दाराबाहेर लोटून ठेवलेल्या केसांच्या ढिगावर एक कावळा उतरला आणि चोचीत पुंजका धरून उडाला. पोरगा गप्प झाला. "कुठे नेले माझे केस?" त्याने विचारलं. काऊकाका म्हणाले, "घरटं बांधतोय. आतून मऊ लागतं ना." एवढ्यावर पोरगा खूश, आणि बाकीचे केस कापून होईपर्यंत त्या घरट्याचं सगळं बांधकाम सांगून झालं. वडील वस्तरा पुसत ऐकत होते. ते त्या दिवशीचं पाचवं वाक्य बोलले, "उद्यापासून पोरं तू घे."

पण एका घरट्यावर किती दिवस काढणार? गोष्टी संपत आल्या होत्या, आणि त्या पुरवल्या मेहुणीने.

ही मेहुणी म्हणजे काऊकाकांच्या बायकोची धाकटी बहीण. ती गायची. नुसतं घरात गुणगुणणं नव्हे, तिचा तो पेशाच होता. मोठ्या प्रवासी जहाजांवर रोज संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम असे, त्यात ती असायची. वर्षातून एकदा घरी यायची तेव्हा पेटीभर वस्तू आणि डोकंभर गोष्टी घेऊन यायची. कुठल्याशा थंड मुलखातल्या बंदरावर तिला एका कोळ्याने सांगितलं होतं की पहिल्यांदा सगळीकडे काळोख होता आणि एका कंजूष म्हाताऱ्याने उजेड पेटीत बंद करून ठेवला होता. तो पळवून जगाला वाटला तो एका डोमकावळ्याने. दुसरीकडे म्हणे कावळा आधी पांढराशुभ्र होता आणि लोकांसाठी विस्तव आणताना धुराने काळा झाला. काऊकाका हे ऐकून हरखून जायचे. त्या गोष्टींत विहीर आणि मांजर घालायला त्यांना एक दिवस पुरायचा.

मग एका वर्षी मेहुणी आली ती पेटीशिवाय आणि दिवस गेलेले असताना. कुणाचं, हे तिने सांगितलं नाही आणि बहिणीने विचारलं नाही. मुलगी झाली. मुलीला अंगावर पाजेपर्यंत ती राहिली, मग जहाजाचं बोलावणं आलं, आणि "एवढी एक फेरी मारून येते" असं सांगून ती गेली. एका फेरीच्या दोन झाल्या. काऊकाकांना आणि त्यांच्या बायकोला मूल नव्हतं. त्याबद्दल ते दोघं बोलायचेही थांबले होते. आता घरात दुपटी वाळत पडायला लागली. काऊकाका दुकान बंद करून घरी येताना रस्त्यात कुणाशी बोलायला थांबेनासे झाले.

मेहुणी परत आली तेव्हा मुलगी चालत होती. तिने हात पुढे केले, तर मुलगी मागे वळून काऊकाकांच्या बायकोच्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, "आई, ही कोण?" मेहुणी खाली बसली आणि म्हणाली, "मी मावशी." आत जाऊन तिने बराच वेळ तोंड धुतलं. जाताना बहिणीला एवढंच म्हणाली, "आता हेच राहू दे." ते तसंच राहिलं.

इथवर कुणाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. चूक पुढे झाली, आणि ती एका गोष्टीतून झाली.

मुलगी पाचसहा वर्षांची असेल. शाळा सुटली की ती दुकानात येऊन बाकावर बसे आणि गोष्टी ऐके. केस कापून न घेता गोष्ट ऐकायची परवानगी असलेलं ते एकमेव मूल. एके दिवशी फळीवर बसलेला एक मुलगा म्हणाला, "काऊकाका, ती कोकिळेची सांगा ना. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि पळून जाते ती."

काऊकाकांची कात्री थांबली. आरशात त्यांना मागच्या बाकावरची मुलगी दिसत होती. पाय हलवत, तोंड उघडं टाकून ती आता काय होतं याची वाट बघत होती.

"कुणी सांगितलं तुला?" काऊकाका म्हणाले. "कोकिळा कशाला पळून जाईल? ती स्वतःचं घर बांधते. अगदी कावळ्याच्या घराच्या वर. वरचा मजला तिचा, खालचा कावळ्याचा. फक्त ती पडली लाजाळू, घराला पडदे लावून घेते. म्हणून लोकांना वाटतं हिला घरच नाही. बघ, वर बघ, दिसतोय का पडदा?" आणि मुलाने वर बघितल्यावर त्यांनी कपाळावरचे केस सफाईने कापून टाकले.

झालं. कोकिळेचा वरचा मजला उभा राहिला. मुलांना तो इतका आवडला की त्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतला. त्याला जिना आला, गॅलरी आली. वरून कोकिळा टोपली खाली सोडून साखर मागायची आणि खालून कावळी 'परवाचीच वाटी अजून दिली नाहीस' म्हणून कुरकुरायची. पण अंडं या घरचं त्या घरी कधी गेलं नाही. तेवढं काऊकाका जपत.

एकदा शाळेतल्या बाई दुकानात आल्या. त्यांना केस ना मुलांचे कापून घ्यायचे होते, ना स्वतःचे. त्या भांडायला आल्या होत्या.

"अहो, अर्ध्या वर्गाने लिहिलंय की कोकिळा वरच्या मजल्यावर राहते!"

"आणि खाली कोण राहतं म्हणून लिहिलंय?"

"कावळा!"

"मग पत्ता बरोबर आहे की, बाई."

बाकावरचे लोक हसले, आणि बाईही हसत निघून गेल्या. त्यांचं म्हणणं खरं होतं, हे काऊकाकांना माहीत होतं. मुलीनेही शाळेत खरं काय ते शिकून घेतलं आणि घरी येऊन बापाला चिडवलं. ते म्हणाले, "पुस्तकातली कोकिळा वेगळी, आपली वेगळी." मुलीला ते पटलं, उलट अभिमानच वाटला. आपल्या बाबांना खरं माहीत असून ते मुद्दाम मजा करतात, असं ती मैत्रिणींना सांगायची.

बायकोला मात्र हा मजला सुरुवातीपासून खटकत होता.

"सगळे सांगतात तशी सांगून टाका की," ती म्हणायची. "जगात कुणी ती गोष्ट ऐकून स्वतःचा विचार करत बसत नाही. तुम्हीच एवढं लपवताय."

"तिला सांगूच की आपण. परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाल्या. मग दुसऱ्या परीक्षा आल्या. मग मुलगी वयात येत होती, मग कॉलेज. काऊकाकांना मुहूर्त काही सापडेना. त्यातून मुलीचा गळा गोड निघाला. ती भांडी घासताना गुणगुणायला लागली की काऊकाका उठून रेडिओ लावायचे. मावशी वर्षातून एकदा यायची, मुलीला जवळ बसवून वेण्या घालायची. त्या आठवड्यात काऊकाका दुकानातून लवकर परतायचे, आणि कारण नसताना दोघींच्या मधे येऊन बसायचे. मावशीला ते कळत असणार. ती सरकून जागा करून द्यायची.

पुढे मावशीने जहाज सोडलं आणि लांबच्या एका बंदराच्या शहरात दोन खोल्या घेतल्या. मुलगी नजर तपासायचं शिक्षण घेऊन बाहेर पडली, आणि तिला नोकरी लागली ती नेमकी त्याच शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात. फोनवर मावशी म्हणाली, "माझ्याकडेच राहील, दुसरीकडे कशाला?" यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं. बायकोने हो म्हटलं. काऊकाका 'बघू' म्हणाले आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. मुलगी जाईल, तिथे त्या बाईबरोबर राहील, एक दिवस चहा पिता पिता ती बाई खरं सांगेल, आणि मग मुलगी परत येईल ती पाहुणी म्हणून, आपल्याला काका म्हणायला. सकाळी दाढी करताना, दुकान झाडताना, गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारताना ते हेच बघत राहत. एका गिऱ्हाइकाची मिशी त्यात एका बाजूला आखूड झाली.

मुलगी जायच्या आधीच्या शनिवारी बालवाचनालयात त्यांचा कार्यक्रम ठेवला होता. ग्रंथपाल बाई लहानपणी त्यांच्याच फळीवर बसलेल्या; त्यांची फार दिवसांची इच्छा होती. चटईवर मुलं दाटीवाटीने बसली, मागे खुर्च्यांवर आईबाप, सगळ्यात मागे मुलगी, बापाची पिशवी मांडीवर घेऊन. हाताखाली डोकं असल्याशिवाय काऊकाकांना बोलायची सवय नव्हती. त्यांनी एका मुलाला पुढे स्टुलावर बसवलं, खिशातून कंगवा काढला आणि त्याचा भांग पाडत सुरुवात केली. उजेडाची पेटी रंगली. विस्तवाची गोष्ट तर अशी रंगली की मागच्या आईबापांनीही विहिरीत डोकावून माना खाली घातल्या.

"आता ती कोकिळेची, वरच्या मजल्याची," ग्रंथपाल बाई कौतुकाने म्हणाल्या. "मला अजून पाठ आहे."

काऊकाकांनी मुलीकडे बघितलं, मग कंगव्याकडे. "एक झाड होतं," ते म्हणाले. "खाली कावळ्याचं बिऱ्हाड. आणि वर कोकिळेने एक सुरेख घर बांधलेलं..."

"खोटं!"

पुढच्या रांगेत एक मुलगी गुडघ्यांवर उभी राहिली होती. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले.

"कोकिळा घर बांधतच नाही. ती कावळीच्या घरट्यात अंडं टाकते. आमच्या पुस्तकात चित्र आहे."

असं कुणी मधे बोललं की काऊकाका एरवी खुलायचे. त्या मुलाला गोष्टीत ओढायचे, त्यालाच न्यायाधीश करायचे. मागे बसलेली मुलगी हसून पुढे सरकली; आता बाबा कसे निसटतात ते तिला बघायचं होतं.

"तू नीट बघ चित्र," काऊकाका म्हणाले. "पडदा असेल."

"नाही पडदा! आणि कावळी बावळट असते, तिला काही कळतच नाही. ती आपलंच समजून भरवत बसते. मग ते मोठं होतं, आणि गायला लागतं, आणि उडून जातं आपल्या खऱ्या आईकडे."

"का जाईल?" काऊकाकांचा आवाज असा चढला की स्टुलावरचा मुलगा दचकला. "कोण लागते ती त्याची? टाकून गेलेली! चोचीत चोच घालून भरवलं कुणी? पावसात पंख धरून बसलं कोण? आणि म्हणे खरी आई! कुणी शिकवलं तुला हे?"

पुढचे दात पडलेल्या मुलीने मोठ्याने रडायला सुरुवात केली. तिची आई पुढे आली. काऊकाका 'माफ करा' असं काहीतरी पुटपुटले, कंगवा मुलाच्या केसांतच राहिला, आणि ते दाराबाहेर पडले. गोष्ट अर्धी टाकून उठायची त्यांच्यावर आयुष्यात पहिली वेळ आली.

त्यांनी ती गोष्ट चारचौघांसारखी सांगितली असती तर मुलीला कधी संशयही आला नसता. असंख्य घरांत ती सांगतात, मुलं ऐकतात आणि झोपतात. पण तिने बापाला आज पहिल्यांदा लहान मुलावर ओरडताना बघितलं होतं, आणि तेही एका पक्ष्यावरून. मांडीवरची पिशवी घट्ट धरून ती बसून राहिली. आपण गायला लागलो की रेडिओ का लागायचा, मावशी आली की बाबा दोघींच्या मधे येऊन का बसायचे, आणि मावशी वेणी घालताना मधेच हात थांबवून गप्प का व्हायची, हे सगळं एकापाठोपाठ एक तिच्यापुढे येऊन उभं राहिलं. वरचा मजला आपल्यासाठी बांधला होता, हे तिला कळलं.

ती दुकानात आली तेव्हा काऊकाका बाकावर बसले होते, गिऱ्हाईक बसतं तसे. शटर अर्धं खाली होतं. तिने वाकून आत येऊन पिशवी त्यांच्या शेजारी ठेवली.

"बाबा, मी मावशीची आहे का?"

काऊकाकांनी तोंड उघडलं. त्यांच्या घशातून जे आलं ते सवयीचं होतं.

"एक कावळी होती," ते म्हणाले. "तिच्या घरट्यात तिला एक अंडं दिसलं. रंगाने जरा वेगळं. लोक म्हणतात तिला कळलं नाही. पण कावळी हुशार असते गं. तिने बघितल्याबरोबर ओळखलं, की हे आपलं नाही. ओळखलं, आणि तरी पंख पसरून..."

"नका सांगू असं," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. "कावळीला नसतं कळत, बाबा. शिकलेय मी. तिला खरंच काही कळत नसतं. तुम्हाला कळत होतं. तुमचं तुम्ही सांगा, त्या कावळीला कशाला पुढे करताय?"

काऊकाकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. कात्री नाही, कंगवा नाही. त्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना.

"हो," ते म्हणाले. "तिची आहेस. ती तुला ठेवून गेली आणि आम्ही तुला परत दिलंच नाही. तिने मागितलंही नाही, पण मागितलं असतं तरी मी दिलं नसतं. आई सांगू म्हणत होती. मीच नको म्हणत होतो. मला भीती वाटत होती. अजून वाटतेय."

मुलगी त्यांच्या शेजारी बसली. दोघांचे चेहरे समोरच्या लांब आरशात होते, आणि दोघंही तिकडे बघत नव्हते. ती रडली, रुमाल मिळेना तेव्हा तिने खुंटीवरचा टॉवेल घेतला. बाहेर कुणीतरी वाकून "चालू आहे का?" विचारलं, आणि उत्तर न मिळाल्यामुळे निघून गेलं.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "खूप आलाय. घरी जाऊन आईवरही काढणार आहे."

"काढ."

"एवढी वर्षं!"

"हो."

मग काऊकाकांनी जे विचारलं ते इतक्या हळू, की तिला मान वळवावी लागली.

"आता तू जाशील ना गं?"

"जाणारच आहे. सोमवारी हजर व्हायचंय." तिने टॉवेलने नाक पुसलं. "उडून कावळ्यांची स्वतःची पिल्लंही जातात, बाबा. जन्मभर कुणी घरट्यात बसत नाही."

काऊकाकांनी मान हलवली. एवढ्या कावळ्यांच्या गोष्टी सांगितल्या, पण हे त्यांच्या एकाही गोष्टीत आलं नव्हतं.

"आणि राहणार कुठे?" त्यांनी विचारलं. उत्तर ऐकायच्या आधीच त्यांनी डोळे मिटून घेतले.

"कुठे म्हणजे? मावशीकडे," मुलगी उठत म्हणाली. "भाची मावशीकडे नाही राहणार तर कुणाकडे राहणार? चला, उठा आता, आई वाट बघत असेल." आणि तिने शटर वर ढकललं.